पेटंटवाल्यांच्या टेबलावर रुखवत

बातमी आली तेव्हा मी गच्चीवर बटाट्याचा कीस वाळत घालत होते. सकाळचे दहा वाजले असतील. खाली फोन वाजला, आमच्या ह्यांनी उचलला आणि मग बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. एरवी ह्यांचं फोनवरचं बोलणं चार घरं सोडून पलीकडे जातं. मी कठड्यावरून वाकून विचारलं, "कुणाचा व्हता?" हे अंगणात येऊन उभे राहिले, वर बघत म्हणाले, "खाली ये. प्रभा गेली." मी लगेच खाली गेले नाही. हातातला कीस आधी सगळा पसरला. ओला कीस परातीत तसाच राहिला तर काळा पडतो, आणि तो का पडतो हे प्रभानं मला इतक्यांदा समजावून सांगितलं होतं की त्या दिवशी तो काळा पडू देणं मला तिचा अपमान वाटला असता... कीस पसरून झाला, मग तिथंच बसले.

प्रभा माझी धाकटी नणंद. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत ती जिवाणूंवर काम करायची. आजार होता, आम्हाला ठाऊक होता, तरी माणूस जातं तेव्हा ठाऊक असण्याचा काही उपयोग होत नाही. ती गेल्यावर पेपरात चार ओळी आल्या : आंबेगाव तालुक्यातल्या या बाईनं डीएनएच्या पेटंटवरून एका बड्या परदेशी कंपनीला माघार घ्यायला लावली, वगैरे. सगळं खरं आहे. पण त्या चार ओळींत तोरण नव्हतं, पोपट नव्हता आणि मीही नव्हते. पहिल्या दोन गोष्टींसाठी हे लिहायला बसले आहे. तिसरीसाठी नाही, असं म्हणाले तर प्रभा वरून हसेल.

मी लग्न होऊन महाळुंगे पडवळला आले तेव्हा प्रभा दहा वर्षांची होती आणि मी अठराची. अठराव्या वर्षी मला जगातलं सगळं कळत होतं. ते पुढं हळूहळू कळेनासं झालं. प्रभा दिवसभर बांधावर उकिडवी बसून माती उकरायची आणि मी सासूबाईंना सांगायचे, "पोरीला जंत झालेत, माती खाती." ती कॉलेजात गेली तेव्हा मी ह्यांच्यामागं लागले, की पुरे झालं शिक्षण, पारगावकडचं एखादं कारखान्यातल्या नोकरीचं स्थळ बघा. माझं ऐकलं असतं तर... पण माझं या घरात कुणी ऐकायचं नाही, हे त्या वेळी मला दुःख वाटायचं आणि आता देवाची कृपा वाटते. ती एम.एस्सी.ला असताना दिवाळीच्या सुट्टीत काचेच्या झाकणाच्या बशा घेऊन घरी आली. त्यांत खळीसारखं काहीतरी थिजवलेलं होतं. वालाच्या वेलाच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्या चिरडून तिनं त्या खळीवर रेघोट्या ओढल्या आणि बशा फडताळात ठेवल्या. चार दिवसांनी त्यांत पांढरे चिकट ठिपके उमटले. मी म्हटलं, शहरात राहून पोरगी आळशी झाली, भांड्याला बुरशी येईतो ठेवते. सगळ्या बशा राखेनं लख्ख घासल्या आणि पालथ्या घातल्या. संध्याकाळी प्रभानं पालथी बशी उचलून बघितली. मग म्हणाली, "वहिनी, त्यात अख्ख्या गावाची माती व्हती गं."

"गावात लई घाण हाय मग," मी म्हटलं.

तिच्या जागी मी असते तर भांडले असते. ती तशीच मागच्या दारानं टॉर्च घेऊन पुन्हा गाठी उपटायला निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "या वेळी बशांवर नाव लिहून ठेवते. म्हणजे घासायच्या आदी तू वाचशील तरी."

त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं खत पिकाला मिळवून देतात. प्रभानं पुढची वीस-पंचवीस वर्षं आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यातल्या शेताशेतांतून हे जिवाणू गोळा केले. अवसरीच्या काळ्या मातीतले वेगळे, जुन्नरच्या डोंगराकडचे वेगळे. पुण्याच्या तिच्या प्रयोगशाळेत एका थंड खोलीत बारीक नळ्यांमध्ये त्यांचा संग्रह होता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिला एक काळजी लागली. नळीवरची चिठ्ठी निघाली, किंवा कुणी नळीच उचलून नेली आणि म्हटलं हा जिवाणू आमचा, तर तो कुठल्या मातीतला हे सांगणार कसं? जिवाणूला ना तोंडवळा, ना आडनाव. तेव्हा तिच्या मनात आलं की चिठ्ठी नळीच्या बाहेर कशाला, आतच लिहू. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब माळ, असं ती मला सांगायची. त्या माळेत, जिवाणूला कुठं टोचणार नाही अशा जागी, आपल्या चार अक्षरांच्या खुणेनं गावाचं नाव ओवायचं. मग तो जिवाणू कुठंही जाऊ दे, त्याच्या लेकराबाळांतही ते नाव राहणार.

हे सगळं तिनं मला सांगितलं तेव्हा मी माझ्या मंगलच्या रुखवताचे मणी निवडत होते. मंगल म्हणजे माझी लेक, जुन्नरला दिली. लग्नात मांडायला मी वर्षभर मण्यांच्या वस्तू करत होते. मोर झाला होता, पोपट झाला होता, तांब्याखालची जाळी झाली होती, नारळाला झबलंसुद्धा झालं होतं. राहिलं होतं ते तोरण. प्रभा माझ्यापुढच्या वाट्या बघत बसली. लाल, पांढरे, हिरवे, पिवळे.

"वहिनी, चारच रंग हायेत का तुझ्याकडं?"

"चार पुरेत. जुन्नरवाल्यांना काय इंद्रधनुष्य द्यायचंय?"

तिनं पिशवीतून चौकटीचा कागद काढला आणि तासभर बसून एक नमुना आखून दिला. एकेका रंगाला एकेक अक्षर, तीन मणी मिळून गावाच्या नावातला एक वर्ण. तो नमुना बघून मला रडू यायचं बाकी राहिलं. दोन लाल, एक हिरवा, मधेच पिवळा, परत लाल... ना वेल, ना नक्षी. मी म्हटलं, "वन्सं, ह्याला कोण तोरण म्हणंल? सासरची माणसं म्हणतील, आईला डोळं नव्हतं." ती म्हणाली, "खाली तुझी कमळं लाव. वरची पट्टी मला दे. जगात पहिल्यांदा कुणी गाव असं लिहिलं असंल तर ते तुझ्या लेकीच्या दारावर असू दे." मी पट्टी केली, पण तोंड वाकडं करून. आणि तो चौकटीचा कागद? शेवटी त्याच्यावर मी चकल्या निथळत ठेवल्या. तेल पिऊन तो आरपार दिसायला लागला, मग चुलीत गेला. पुढं पेटंटच्या वकिलांनी मला विचारलं, मूळ आराखडा कुठं आहे, तेव्हा हे उत्तर देताना माझा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच ठरवा.

लग्नाच्या दिवशी प्रभानं तोरणाखाली सुवाच्य अक्षरांत एक पुठ्ठा टाचला. रुखवतात वस्तूपुढं उखाणे लिहितात, तिनं खुलासा लिहिला : कोणता रंग म्हणजे कोणतं अक्षर, कोणते तीन मणी म्हणजे कोणता वर्ण, आणि खाली, 'असंच गावाचं नाव जिवाणूच्या डीएनएत लिहिता येतं, म्हणजे तो कुठल्या मातीतला हे कायम कळेल.' वऱ्हाडातल्या बायका वाचून पुढं सरकल्या. एकीनं मला विचारलं, "नणंदबाईंचं अजून जमलं न्हाई का कुठं?" मी मान खाली घातली. आज त्या मान खाली घालण्याची मला लाज वाटते, त्या बाईची नाही.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं गेली. प्रभाच्या संग्रहातल्या बहुतेक नळ्यांमध्ये आतून गावांची नावं लिहून झाली. ते खुणेचे जिवाणू प्रयोगशाळेतच असत, शेतात सोडायला सरकारी परवानगी लागते आणि तिला घाई नव्हती. अशात एका कंपनीच्या वकिलांची नोटीस तिच्या संस्थेत येऊन पडली. डीएनएमध्ये ओळख पटवणारी माहिती लिहिण्याची रीत आमची आहे, आम्ही तिच्यासाठी भारतात पेटंटचा अर्ज केला आहे, तुमच्या शास्त्रज्ञ बाईंनी ती आमच्या लिखाणावरून उचलली आहे, तेव्हा असे सगळे जिवाणू नष्ट करा. प्रभा त्या शनिवारी घरी आली ती जेवलीच नाही. मला वाटलं नळ्या जातील म्हणून. तिला दुसरंच लागलं होतं. "वहिनी, नळ्या परत भरता येतील. त्यांनी 'उचलली' लिहिलंय गं... मी मूठभर मातीसुद्धा कुणाची उचलली न्हाई."

पेटंट मंजूर होण्याआधी हरकत घेता येते. संस्थेच्या वकीलबाईंनी सांगितलं, त्यांच्या अर्जाच्या आधी ही कल्पना चारचौघांत जाहीर झाली होती असा पुरावा आणा. प्रभानं तेव्हा ती कुठं छापली नव्हती. आधी काम पुरं करू, मग छापू, हा तिचा स्वभाव. ती कपाळाला हात लावून बसली होती आणि मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "चारचौघांत म्हंजे? आपल्या मांडवात हजार माणूस जेवलं." लाटणं घेऊन मी तशीच कपाटाकडं गेले आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढली.

ती कॅसेट आम्ही प्रयोगशाळेत सगळ्यांनी मिळून पाहिली. कोपऱ्यात तारीख होती, देवानं तेवढी अक्कल त्या शूटिंगवाल्याला दिली होती. रुखवत आलं. आणि रुखवतापुढं, बरोबर त्या पुठ्ठ्यापुढं, मी! नवा शालू, नाकात नथ, कॅमेऱ्याकडं बघून हलत नाही, डुलत नाही. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं बांगड्या दिसतील असा पदर धरलेला. तोरण दिसतंय, पुठ्ठा नाही. कॅमेरा डावीकडं गेला की मी डावीकडं. प्रभाच्या हाताखालची सगळी पोरं माना खाली घालून हसू दाबत होती आणि वकीलबाई हताश होऊन म्हणाल्या, "या बाई कोण आहेत? यांना कुणीतरी बाजूला करा." तेवढ्यात पडद्यावर प्रभा आली, मला दंडाला धरून बाजूला ओढलं, आणि पुठ्ठा अक्षर न् अक्षर दिसला. त्या बाई मीच, हे वकीलबाईंना कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

आता तोरण हवं होतं. मी जुन्नरला गेले. मंगलच्या दारावर ते तसंच होतं. विहीणबाई म्हणाल्या, "न्या की, पण परत आणा. लई जुनं झालंय तरी आमाला सवय झालीय त्याची." पुण्यात टेबलावर पसरून प्रभानं कॅसेटवरून काढलेला पुठ्ठ्याचा फोटो शेजारी ठेवला आणि पहिल्या मण्यापासून तीन-तीन करत वाचायला लागली. थोडं वाचून थांबली. पुन्हा पहिल्यापासून आली. "वहिनी, ह्यात काहीच न्हाई. गाव न्हाई, काही न्हाई. नुसते मणी हायेत." वकीलबाई म्हणाल्या, ठीक आहे, पुठ्ठा तर आहे, तोरण नको दाखवायला. प्रभा म्हणाली, "व्हिडिओत तोरण दिसतंय. पुठ्ठा म्हणतो हे वाचता येतं, आणि ते वाचता येत नाही. मग पुठ्ठाही खोटा. जे लागत नाही ते मी दाखवणार नाही." बारा वर्षांपूर्वी तोंड वाकडं करून केलेलं काम असं माझ्यापुढं पसरलेलं होतं, आणि ते माझ्यामुळं बिघडलं होतं...

मी म्हटलं, थांब, मला मोजू दे. बोट ठेवलं आणि आपोआप तोंडातून निघालं, "लाभ."

आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या आईनं तीच रीत मण्यांत आणली होती. सुईत पहिला मणी ओवायचा तो लाभाचा, तो नमुन्यात धरायचा नाही. नमुना त्याच्या पुढून. मी ते इतक्या लहानपणी शिकले की आपण असं करतो हे मला कधी कळलंच नव्हतं. मी तो पहिला लाल मणी अंगठ्याखाली झाकला आणि म्हटलं, "आता वाच." प्रभानं दुसऱ्या मण्यापासून तीन-तीन घेतले. म... हा... आणि पुढं तिला वाचता येईना, कारण ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "एक अक्षर आदी शिरलं की पुढचं सगळं सरकतं, हे मी पोरांना दर वर्षी फळ्यावर शिकवते. आणि तू ते मांडवात करून ठेवलंस!"

सुनावणी मुंबईच्या पेटंट कार्यालयात होती. कंपनीचे वकील उंच, गोरेपान, बोलायला गोड. मी माझ्या प्रतिज्ञापत्रात लाभाच्या मण्याचं खरं ते लिहिलं होतं आणि त्यांनी नेमकं तेच धरलं. "माताजी, ये एक्स्ट्रा मोती की बात आपको इतने साल बाद अब याद आयी?" प्रभा माझ्या शेजारी बसली होती. माझ्या अंगात आलं होतं.

"साहेब, आठवायला आदी विसरावं लागतं," मी म्हटलं. "तुमी सदऱ्याचं पहिलं बटण वरचं लावता का खालचं?"

वकिलांनी खाली सदऱ्याकडं बघितलं. टेबलामागच्या अधिकाऱ्यांचा हात नकळत स्वतःच्या बटणाकडं गेला.

"बघा. ह्यांनाबी हात लावून बघावं लागलं. हाताची सवय डोक्याला ठावं नसती." आणि मी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. सुनावणीआधी मी पुन्हा जुन्नरला आणि अवसरीला जाऊन आले होते. मोर काढला, पोपट काढला, तांब्याखालची जाळी, नारळाचं झबलं, मंगलच्या पाळण्यावरचं चिमण्यांचं झुंबर, अवसरीच्या मावसबहिणीला करून दिलेलं पाकीट. सगळं त्या सरकारी टेबलावर, फायलींवर मांडलं. पोपटाची चोच प्रवासात तुटली होती, तीही शेजारी ठेवली. म्हटलं, "ह्यातलं कायबी उचला साहेब. सुरुवातीला एक मणी असा सापडंल, ज्याचं त्या नक्षीत काई काम न्हाई."

अधिकाऱ्यांनी चष्मा बदलला. पोपट घेतला, शेपटाकडून निरखला, खाली ठेवला. मोर घेतला. जाळी घेतली. शेजारच्या खोलीतले दोन कारकून दारात येऊन उभे राहिले. कंपनीच्या वकिलांनी नारळाचं झबलं उचलून उलटं केलं आणि बराच वेळ बघून आपल्या माणसाला हळूच म्हणाले, "सब में है." मग अधिकाऱ्यांनी पुठ्ठ्याचा फोटो पुढ्यात ओढला, तोरणाचा पहिला मणी पेन्सिलीनं बाजूला दाबून धरला, आणि प्रभाला काही न विचारता, आमच्यातल्या कुणाला न विचारता, एकेक वर्ण कागदावर उतरवून घेतला. शेवटी मान वर करून म्हणाले, "महाळुंगे पडवळ. हे कुठं आलं?"

"मंचरजवळ, साहेब," प्रभा म्हणाली. इतके साधे दोन शब्द इतक्या ताठ मानेनं बोललेले मी कधी ऐकले नाहीत.

निकाल काही महिन्यांनी आला. कंपनीचा तो सगळं गिळणारा दावा नामंजूर झाला. त्यांच्या स्वतःच्या खास पद्धतीपुरतं काय ते त्यांना ठेवता आलं. संग्रह राहिला, आणि 'उचलली' हा शब्द त्यांना लेखी मागं घ्यावा लागला. त्या इंग्रजी निकालात तोरण हा शब्द तोरण असाच लिहिला होता. प्रभानं मला तो परिच्छेद तीनदा वाचून दाखवला. एकदा संस्थेत कुणीतरी तिला विचारलं, मग मॅडम, आता तुम्हीच का घेत नाही पेटंट? मी तिथंच डबा घेऊन बसले होते. ती म्हणाली, "जिवाणूत नाव लिहिलं ते त्या मातीचं. नाव लिहायची रीत माझी कशी होईल? ती सगळ्यांची राहू दे." घरी येताना गाडीत मी तिला मूर्ख म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरी जाऊन माझी नणंद काय म्हणाली ते सांगून आले.

तिचं दिवसकार्य उरकल्यावर तिच्या हाताखाली काम करणारी सुजाता पुण्याहून आली. वरच्या खोलीत प्रभाचं टेबल आहे, सुट्टीत आली की ती तिथं काम करायची. टेबलावर मातीच्या लहान लहान पिशव्या रांगेत ठेवलेल्या होत्या, अजून नळ्यांत न गेलेल्या. प्रभा कुणाच्याही शेतातली चिमूट उचलायची ती मालकाला विचारून, कागदावर सही घेऊन. लोक हसायचे, "राव, मातीला काय इचारता, न्या की टेम्पो भरून." तरी ती सही घ्यायचीच. सुजाता एकेक पिशवी तिच्या कागदाशी जुळवत होती. एका पिशवीला कागद नव्हता. तिनं मॅडमची वही उघडली, वाचली आणि माझ्याकडं दिली.

प्रभाचं बारीक अक्षर. 'वालाच्या गाठी, फारच उत्तम. उगम : वहिनीची मोरी. मालक : इंदूवहिनी. परवानगी : विचारायची राहिली.'

मोरीमागं माझा वालाचा वेल आहे. तिथली माती म्हणजे माझ्या चाळीस वर्षांच्या भांड्यांचं पाणी, राख आणि तांदळाचं धुवण. जमिनीच्या कुठल्याच कागदावर माझं नाव नाही, सातबारा ह्यांचा, त्याआधी सासऱ्यांचा. मालक म्हणून मला लिहिणारी ही एकच बाई... सगळ्या तालुक्याला विचारत फिरली आणि घरात विचारायची राहिली. मी सुजाताला म्हटलं, "कुठं करायची सही?" तिनं बोट ठेवलं. मी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न जोडता, म्हणजे कुणालाही वाचता यावं.

सुजाता ती पिशवी घेऊन गेली. परवा तिचा फोन होता, काम सुरू झालंय, नळीत माझं नाव आतून लिहिणार आहेत. आता जेवणं झाल्यावर भांड्यांचं पाणी वेलाच्या बुडाशी ओतताना मी जरा ताठ उभी राहते, घाई करत नाही, चारी बाजूंनी नीट ओतते. हे ओसरीवरून विचारतात, "काय गं, कंबर धरली का?"

"न्हाई," मी म्हणते. "प्रभाचं काम चाललंय."